खेळणारे आणि खेळवणारे

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आतला रस्ता सोडून समुद्राच्या कडेने गेलं, की मध्ये आरे-वारे लागतं. चढ संपतो आणि डाव्या हाताला खाली एकदम दोन पुळणी दिसतात, मध्ये डोंगराचं नाक, मागे सुरूची झाडं. बहुतेक लोक तिथे गाडी थांबवून फोटो काढतात आणि पुढे मोदक खायला निघून जातात. जरा थांबलात तर अजून एक गोष्ट दिसेल. ओहोटी असेल आणि ऊन उतरलेलं असेल तर खाली ओल्या वाळूत पोरं क्रिकेट खेळत असतात, आणि त्यांच्या हातातला बॉल असतो टेनिसचा. नुसतं "उद्या टेनिसची मॅच आहे" म्हटलं तर कोकणात त्याचा अर्थ टेनिस बॉलवरची क्रिकेट मॅच असाच घेतला जातो. टेनिसचा बॉल हातात न घेतलेलं पोर या पट्ट्यात सापडणं कठीण. टेनिस खेळलेलं पोर सापडणं त्याहून कठीण.

यात नवल काही नाही म्हणा. क्रिकेटला वाळू पुरते, फळकूट पुरतं. टेनिसला सपाट कोर्ट लागतं, ते रोज झाडणारा, पाणी मारणारा, रोलर फिरवणारा माणूस लागतो, आणि मुख्य म्हणजे समोरून नीट बॉल परत मारणारा दुसरा माणूस लागतो. या शेवटच्या माणसाबद्दल मला आज लिहायचं आहे. निमित्त अगदी साधं. ऑफिसात आमच्या टीममधल्या एकाने मुलीला टेनिसला घातलंय. जेवणाच्या टेबलावर त्याने विचारलं, "कोच स्वतः इंटरनॅशनल खेळलेला असला पाहिजे का रे?" त्यावर सहा इंजिनियरांनी सहा मतं दिली (एकही टेनिस खेळलेला नव्हता, हे सांगायला नकोच). मी मात्र घरी येऊन वाचत बसलो आणि वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोचलो.

तर मंडळी, सुरुवात एका शब्दापासून करू. "प्रोफेशनल टेनिसपटू" म्हटलं की आज आपल्यासमोर अल्काराझ येतो, जोकोविच येतो. पण हा अर्थ फार जुना नाही. १९६८ सालापर्यंत विम्बल्डनमध्ये प्रोफेशनल माणसाला प्रवेशच नव्हता. तिथे खेळायचे ते "अमॅच्युअर", म्हणजे हौशी. आणि प्रोफेशनल कोण? तर टेनिसमधून पैसे कमावणारा प्रत्येक जण. मग तो प्रदर्शनी सामने खेळून पैसे घेणारा असो, नाहीतर क्लबात मुलांना शिकवून पगार घेणारा असो. म्हणजे त्या काळच्या नियमानुसार टेनिस शिकवणं हेच माणसाला स्पर्धेतून बाद करायला पुरेसं होतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या क्लबांमध्ये शिकवणाऱ्याला आजही नुसतं "प्रो" म्हणतात, ते त्यातूनच आलं. आपण ज्याला "खेळाडू होता, मग कोच झाला" असं सरळ करियर समजतो, ते तेव्हा एकेरी वाहतुकीसारखं होतं. एकदा शिकवण्याचे पैसे घेतले की परत फिरायचं नाही.

डॅन मास्केल नावाच्या माणसाची गोष्ट बघा. लंडनच्या क्वीन्स क्लबात हा बॉलबॉय म्हणून लागला. बॉल उचलता उचलता खेळायला शिकला, इतका की ब्रिटनच्या प्रोफेशनल लोकांची जी वेगळी स्पर्धा असायची ती त्याने वर्षानुवर्षे जिंकली. १९२९ मध्ये खुद्द विम्बल्डनच्या ऑल इंग्लंड क्लबाने त्याला कोच म्हणून नेमलं. १९३३ साली ब्रिटनने डेव्हिस कप जिंकला, त्या संघाची तयारी करून घेणारा हाच. फ्रेड पेरी वगैरे मंडळींना तो रोज बॉल मारून द्यायचा. पण विम्बल्डनची स्पर्धा सुरू झाली की मास्केल प्रेक्षकांत. कारण तो पगारी. पुढे बीबीसीवर कॉमेंटरी करून तो घराघरात पोचला, ते वेगळं. आणि पेरीने १९३४, ३५, ३६ अशी ओळीने तीन विम्बल्डन जिंकून झाल्यावर जेव्हा पैशासाठी खेळायचं ठरवलं, तेव्हा क्लबाने त्याचं मानद सदस्यत्वही काढून घेतलं. तीन वेळच्या विजेत्याचं!

आता हेच चित्र हिंदुस्थानात आणा. इथल्या क्लबांमध्ये, जिमखान्यांमध्ये एक माणूस ठरलेला असायचा, त्याला म्हणायचे मार्कर. टेनिसला मार्कर, स्क्वॉशला मार्कर, बिलियर्ड्सलाही मार्कर. नावावरून वाटतं गुण मांडणारा, पण काम बरंच मोठं. कोर्ट तयार ठेवायचं, नेट ताणायचं, बॉल उचलणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवायचं, आणि मेंबरला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळायचं. तेही असं, की साहेबांना व्यायाम होईल, मजा येईल आणि साहेब फार हरणार नाहीत. (ज्यांनी कधी क्लायंटसमोर डेमो दिलाय त्यांना हे कौशल्य किती अवघड असतं ते लगेच कळेल.) बॅकहँड कुठे चुकतोय हे मार्करला दिसायचं, तो सांगायचाही, पण "सर" किंवा "गुरुजी" तो कधी नव्हता. मेंबर त्याला पहिल्या नावाने हाक मारायचा आणि महिन्याच्या एक तारखेला पगार.

यात आपल्याकडे आणखी एक थर होता. तो टेनिसपेक्षा क्रिकेटमध्ये जास्त स्पष्ट नोंदलेला आहे, म्हणून थोडं विषयांतर करतो. पालवणकर बाळू. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. चांभार समाजातलं कुटुंब, पुण्यात वाढलेला मुलगा. पूना क्लबात महिना चार रुपयांवर कामाला लागला. खेळपट्टी लोळवायची, नेट बांधायची आणि साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकायची. त्यातला एक साहेब म्हणजे कॅप्टन जे. जी. ग्रेग, त्या काळचा इथला सगळ्यात नावाजलेला युरोपियन बॅट्समन. ग्रेग इतरांच्या आधी नेटमध्ये यायचा आणि बाळू त्याला तासन्‌तास बॉलिंग टाकायचा. आउट केलंस तर आठ आणे, असा त्यांच्यात करार होता अशी गोष्ट सांगतात. ग्रेगची बॅटिंग त्याने सुधरली आणि बाळूची बॉलिंगही. पण बाळूला त्या नेटमध्ये बॅट हातात घ्यायला कुणी सांगितलं नाही. बॅटिंग हे साहेबांचं काम. पुढे हिंदूंच्या संघाला इंग्रजांना हरवायचं होतं तेव्हा बाळूला संघात घ्यावं लागलं, मैदानावर सगळ्यांनी त्याच बॉलला हात लावला, आणि चहाच्या वेळी बाळूला चहा मिळाला तो बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याने शंभराहून जास्त विकेट घेतल्या. कॅप्टनपद त्याला कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये.

ग्रेगचा कोच कोण होता असा प्रश्न आज विचारला तर उत्तर काय द्यायचं? नोंदीत कोच कुणीच नाही. नोंदीत ग्रेगच्या धावा आहेत.

टेनिसमध्ये दुसऱ्या टोकाला कोण होतं तेही बघायला हवं, कारण तेही कोकणाशी जोडलेलं आहे. सावंतवाडीकडचं पंडित घराणं. विद्वान शंकर पांडुरंग पंडितांची मुलगी क्षमाबाई राव. संस्कृतमध्ये लिहिणाऱ्या, 'सत्याग्रहगीता' त्यांचीच, ती १९३२ मध्ये पॅरिसला छापली गेली. या क्षमाबाई मुंबईतल्या चांगल्या टेनिसपटू होत्या, आणि त्यांची मुलगी लीला राव हिने १९३४ मध्ये विम्बल्डनला सामना जिंकला. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. (सानिया मिर्झाच्या काळात हे नाव पुन्हा थोडंफार वर्तमानपत्रात आलं, नंतर परत गायब.) लीला राव पुढे नृत्यावर लिहू लागल्या, डोंगर चढल्या, एका मुत्सद्द्याशी लग्न करून देशोदेशी राहिल्या. विलक्षण आयुष्य. पण त्यांनी टेनिसची शाळा काढली असती, तर ते त्या वर्गात कुणाला सुचलं असतं का? मला नाही वाटत. जे खेळत होते त्यांना शिकवायची गरज नव्हती, आणि जे शिकवत होते त्यांना खेळू दिलं जात नव्हतं. एका बाजूला लीला राव, दुसऱ्या बाजूला नाव न राहिलेले शेकडो मार्कर, आणि मध्ये नेटच्या उंचीची नाही तर चांगली भक्कम भिंत.

या भिंतीला एक फट होती. बाप. बापाने मुलाला शिकवलं तर त्याला कुणी पगारी म्हणत नाही. रामनाथन कृष्णन घडला तो वडिलांच्या, टी. के. रामनाथन यांच्या हाताखाली, आणि पुढे नातू रमेशही आजोबांच्या हाताखाली. भारतीय टेनिसमध्ये ही परंपरा फार लांबवर चालली. महेश भूपतीचे वडील, सानियाचे वडील.. यादी मोठी आहे. याच कृष्णनने १९५४ मध्ये विम्बल्डनची ज्युनियर स्पर्धा जिंकली, १९६० आणि ६१ ला मोठ्यांच्या सेमीफायनलला पोचला. जॅक क्रेमर तेव्हा दुनियेतले उत्तम खेळाडू पैसे देऊन आपल्या प्रोफेशनल कंपूत ओढत होता. त्याने कृष्णनलाही विचारलं. कृष्णन नाही म्हणाला. हो म्हटलं असतं तर विम्बल्डनही गेलं असतं आणि डेव्हिस कपही.

कृष्णनच्या नावाबरोबर सांगलीच्या नंदू नाटेकरांची गोष्ट आलीच पाहिजे. नाटेकर आधी टेनिस खेळायचे. १९५१-५२ च्या सुमारास ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला त्यांच्यासमोर कृष्णन उभा राहिला आणि नाटेकर हरले. मग त्यांनी टेनिसची रॅकेट ठेवून बॅडमिंटनची उचलली. १९५६ मध्ये मलायात सेलांगोरची स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले, आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. गंमत म्हणजे त्यांचा मुलगा गौरव परत टेनिसकडे गेला आणि १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आला. वडिलांच्या त्या हरलेल्या फायनलचा हिशेब चाळीसएक वर्षांनी असा चुकता झाला म्हणायचं. असो.

१९६८ मध्ये भिंत पडली. विम्बल्डन सगळ्यांना खुलं झालं, खेळणाऱ्याला उजळ माथ्याने पैसे घेता येऊ लागले, आणि शिकवणं हा कमीपणा राहिला नाही. निदान कागदावर. आता पहिल्यांदाच असं करियर शक्य झालं की माणूस आधी जगभर फिरून प्रोफेशनल टेनिस खेळेल, मग निवृत्त होईल, आणि मग शिकवेल. महाराष्ट्रात या करियरचा सगळ्यात सलग नमुना शोधायला गेलं तर एक नाव समोर येतं, पुण्याचे नंदन बाळ.

बाळ १९८० ते ८३ या काळात भारताच्या डेव्हिस कप संघात होते. हा काळ नीट डोळ्यासमोर आणा. संघात विजय अमृतराज हे जगातलं मोठं नाव. रमेश कृष्णन १९७९ मध्ये विम्बल्डन आणि फ्रेंच अशा दोन्ही ज्युनियर स्पर्धा जिंकून नुकताच वर आलेला. म्हणजे एकेरीच्या दोन जागांवर दोघं बसलेले. तिसऱ्या-चौथ्या माणसाने सराव करायचा, तयार राहायचं आणि वाट बघायची. बाहेर एकट्याने स्पर्धा खेळायच्या तर परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेचे कागद, स्वस्त हॉटेल, आणि पहिल्या फेरीत हरलं तर पुढच्या गावाचं तिकीट खिशातून. आज आपण क्रेडिट कार्ड काढून परदेशात कॉफी पितो त्यामुळे हे पटकन लक्षात येत नाही, पण १९८० साली मध्यमवर्गीय पुणेकराने टेनिसवर पोट भरायचं म्हणणं हे घरच्यांना आवडणारं वाक्य नव्हतं.

माझं एक मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. अशा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूतून चांगला कोच निघायची शक्यता जास्त. ज्याला सगळं उपजत येतं त्याला आपण ते कसं करतो हे सांगता येत नाही. आपल्याकडेही असा एखादा प्रोग्रॅमर असतोच, कोड झकास लिहितो पण नवीन आलेल्या पोराला समजावून सांग म्हटलं की "अरे सोपं आहे, बघ" म्हणून स्वतःच टाइप करून मोकळा होतो. बेंचवर बसलेला माणूस दोन वर्षं बघत असतो. विजयची सर्व्हिस चालत नाही तेव्हा तो काय बदलतो, रमेश वेग नसताना कसा जिंकतो.. हे सगळं त्याने कोर्टाच्या शेजारून पाहिलेलं असतं, कारण दुसरं काही करायलाच नसतं.

पुढे बाळ भारताच्या डेव्हिस कप संघाचे कोच झाले. आता इथे एक तांत्रिक मुद्दा आहे आणि या लेखातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. टेनिस हा असा विचित्र खेळ आहे की त्यात सामना चालू असताना कोचने बोलायचं नाही असा नियम पिढ्यान्‌पिढ्या होता. फुटबॉलचा कोच कडेला उभा राहून ओरडतो, बॉक्सिंगचा कोपऱ्यात पाणी मारतो, क्रिकेटचा बारावा गडी ग्लोव्ह्‌जबरोबर निरोप घेऊन जातो. टेनिसचा कोच काळा चष्मा लावून गप्प बसतो. याला अपवाद डेव्हिस कप. तिथे कोर्टाच्या कडेला खुर्ची असते आणि बाजू बदलताना खेळाडूशी बोलायची परवानगी असते. पण त्या खुर्चीवर कोण बसतं? कॅप्टन. न खेळणारा कॅप्टन. कोच नाही. कोचने आठवडाभर सराव घ्यायचा, प्रतिस्पर्ध्याचे कच्चे दुवे काढायचे, कुणाचा खांदा दुखतोय ते बघायचं, आणि सामन्याच्या दिवशी बाकीच्या संघाबरोबर टाळ्या वाजवायच्या.

२००९ चा सप्टेंबर. जोहान्सबर्गमध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेला ४-१ हरवलं आणि तब्बल ११ वर्षांनी वर्ल्ड ग्रुपमध्ये परत आला. सोमदेव देववर्मन दोन सेट मागे पडून रिक द व्होस्टविरुद्ध जिंकला तो हाच सामना. एस. पी. मिश्रा कॅप्टन, बाळ कोच. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१० मध्ये, चेन्नईला ब्राझील. वर्ल्ड ग्रुपमध्ये राहायचं तर जिंकणं भाग. पहिल्या दिवशी दोन्ही एकेरी हातच्या गेल्या, बोपण्णा तर पाचव्या सेटमध्ये लांबपर्यंत जाऊन हरला. ०-२. दुसऱ्या दिवशी पेस आणि भूपती (त्या काळात त्यांचं आपसात किती पटायचं ते सगळ्यांना माहीत आहे) दुहेरी जिंकले. तिसऱ्या दिवशी चेन्नईच्या उकाड्याने काम केलं. ब्राझीलचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू बेलुची सोमदेवसमोर अर्ध्यातच सोडून गेला. राहिला शेवटचा सामना, बोपण्णा विरुद्ध रिकार्डो मेलो. दोन दिवसांपूर्वी पाच सेट खेळून हरलेला बोपण्णा सरळ तीन सेटमध्ये जिंकला. ३-२.

आता मला सांगा, पहिल्या दिवशी रात्री हॉटेलवर परत आल्यावर त्या बोपण्णाला सांभाळलं कुणी, काय बोललं, पाय मोकळे करायला किती वेळ कोर्टावर नेलं, हे स्कोअरकार्डात कुठे असतं? नसतंच. आपल्या धंद्यात निदान व्हर्जन कंट्रोल असतं, कुणी कुठली ओळ बदलली ते वर्षांनी तरी कळतं. कोचचं काम म्हणजे कोड रिव्ह्यूमध्ये तोंडी सांगितलेली सूचना. बदल ज्याने टाइप केला त्याच्या नावावर.

अपयश मात्र व्यवस्थित नावावर पडतं. २०१२ च्या ऑलिंपिकआधी पेस-भूपती-बोपण्णा यांच्या जोड्यांवरून जे रामायण झालं ते आठवत असेल. त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये आघाडीच्या खेळाडूंनी संघटनेविरुद्ध बंडच पुकारलं. बक्षिसाच्या रकमेचा वाटा, प्रवास, फिजिओ, आणि सपोर्ट स्टाफमध्ये बदल, अशा मागण्या. फेब्रुवारीत दिल्लीला कोरियाविरुद्ध पेसबरोबर नवखा संघ उतरवावा लागला आणि भारत ४-१ हरला. त्याच वर्षी कोचपद बाळ यांच्याकडून झीशान अलींकडे गेलं. खेळाडूंच्या बऱ्याच मागण्या रास्त होत्या असं मला वाटतं, डॉक्टर-फिजिओ मागण्यात गैर काय? पण संघटना आणि स्टार खेळाडू यांची कुस्ती झाली की मधला माणूस आधी जातो, हे ऑफिसात काम केलेल्या कुणालाही नवीन नाही.

झीशान अलींच्या घरचा इतिहासही या लेखाला धरूनच आहे. ते स्वतः १९८८ च्या सोल ऑलिंपिकला खेळलेले, पुढे २०२४ पर्यंत डेव्हिस कप संघाचे कोच राहिले. आणि त्यांचे वडील अख्तर अली. अख्तर अली १९५८ पासून डेव्हिस कप खेळले आणि नंतर अर्धं आयुष्य शिकवण्यात घातलं. भारताच्या संघाला शिकवलं, मलेशियाला शिकवलं, बेल्जियमला शिकवलं. २०२१ मध्ये ते गेले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, २००० मध्ये. कोच म्हणून द्रोणाचार्य? नाही मिळाला.

द्रोणाचार्य पुरस्काराचा हिशेब एकदा काढून बघण्यासारखा आहे. पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये. पहिल्या तिघांत आपले कुस्तीचे भालचंद्र भागवत होते, बरोबर ॲथलेटिक्सचे नंबियार (पी. टी. उषाचे) आणि बॉक्सिंगचे भारद्वाज. १९९० मध्ये मालवणचे रमाकांत आचरेकर. कुस्ती, क्रिकेट, बॉक्सिंग, हॉकी.. वर्षागणिक नावं वाढत गेली. टेनिसचं पहिलं नाव त्या यादीत आलं २०२० मध्ये. पस्तीस वर्षांनी! नाव होतं नरेश कुमार. वय ९१. नरेश कुमार मोठेच, १९९० मध्ये सोळा वर्षांच्या लिअँडरला डेव्हिस कपमध्ये उतरवायची हिंमत त्यांनी केली. पण त्यांचं ते काम होतं कॅप्टनचं. म्हणजे टेनिसमधला पहिला द्रोणाचार्यही मिळाला तो खुर्चीवर बसलेल्या माणसाला. (त्यांचा अपमान करायचा नाही, यादीकडे बघून जे दिसतं ते सांगतोय.)

त्याच २०२० च्या यादीत नंदन बाळ यांचंही नाव होतं, ध्यानचंद पुरस्कारासाठी. हा पुरस्कार खेळाडू म्हणून केलेल्या आणि निवृत्तीनंतरही चालू ठेवलेल्या योगदानासाठी दिला जायचा. त्या वर्षी करोनामुळे २९ ऑगस्टचा सोहळा पहिल्यांदाच ऑनलाइन झाला. राष्ट्रपती एका पडद्यावर, खेळाडू आपापल्या गावच्या केंद्रातून दुसऱ्या पडद्यावर. आपण सगळे तेव्हा घरून "माझा आवाज येतोय का?" करत होतो, देशाचे क्रीडा पुरस्कारही तसेच दिले गेले.

एवढं सगळं झाल्यावर मूळ प्रश्नाकडे, कोच इंटरनॅशनल खेळलेला असला पाहिजे का? पुण्यातच उलटं उदाहरण आहे. अहमदाबादची अंकिता रैना शाळकरी वयात पुण्यात आली ती पीवायसीवर हेमंत बेंद्रेंकडे शिकायला, आणि वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच राहिली. २०१८ च्या एशियाडमध्ये तिने एकेरीचं ब्राँझ मिळवलं, त्याआधी सानिया सोडून भारतीय मुलीला ते जमलं नव्हतं. बेंद्रे काही विजय अमृतराज नव्हते. आणि जगाकडे बघायचं तर २०१८ चीच यू.एस. ओपनची फायनल घ्या. सेरेना विल्यम्सचा कोच पॅट्रिक मुराटोग्लू, मोठा खेळाडू कधीच नव्हता. त्याने प्रेक्षकांतून हाताने खूण केली, पंचाने सेरेनाला ताकीद दिली आणि पुढे जे भांडण झालं ते अख्ख्या जगाने पाहिलं. सामन्यानंतर मुराटोग्लूने कबूलही करून टाकलं की हो, मी सांगत होतो, सगळेच सांगतात. नेटच्या पलीकडे नाओमी ओसाका. तिचा कोच साशा बायिन. हा आधी काय करायचा? आठ वर्षं सेरेनाचाच हिटिंग पार्टनर होता. रोज समोर उभं राहून तिला हवा तसा बॉल मारून द्यायचा. आपल्या जुन्या भाषेत सांगायचं तर मार्कर. ओसाका जिंकली आणि त्या वर्षीपासून सुरू झालेला महिला टेनिसचा "कोच ऑफ द इयर" पहिला मान या मार्करला मिळाला.

गप्प बसायचा तो नियमही आता गेलाय. जुलै २०२२ पासून पुरुषांच्या स्पर्धांमध्ये प्रेक्षकांतून बोलायला प्रयोग म्हणून परवानगी दिली गेली, आणि १ जानेवारी २०२५ पासून ते कायमचं नियमात बसलं. आता कोच दोन पॉइंटच्या मध्ये सांगू शकतो, सर्व्हिस बाहेर टाक, पुढे ये.

फक्त यासाठी कोच तिथे हजर लागतो. आपली बहुतेक पोरं जिथे खेळतात त्या स्पर्धा सगळ्यात खालच्या पायरीच्या, १५ हजार डॉलर एकूण बक्षिसाच्या. ती रक्कम एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटली जाते, त्यामुळे पहिल्या फेरीत हरलेल्याच्या हातात परतीचं भाडंही येत नाही. अशा ठिकाणी पोरगं एकटं जातं, किंवा बरोबर आई नाहीतर वडील असतात. पुण्यातला कोच तेव्हा पुण्यात, दुसऱ्या बॅचला बास्केटमधून बॉल काढून देत असतो, आणि सामना संपला की व्हॉट्सॲपवर विचारतो, काय झालं.